कोड एआयचा असेल, पीआर तुझ्या नावाचा आहे

या वेळचं पत्र (नवख्यांसाठी: पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट, आपला कोड मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती, घेण्याआधी दुसरा कोणी तो वाचतो तो रिव्ह्यू, आणि कोपायलट हे कोड लिहून देणारं एआय टूल):

"ताई, नमस्कार. मी पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत आहे, दोन वर्षं होत आली, बॅकएंडचं काम, पायथन. कंपनीने सगळ्यांना कोपायलट दिलंय आणि मॅनेजर दर सोमवारी विचारतात एआय किती वापरता, पीआर किती टाकले, त्याची चक्क एक्सेल ठेवलीये. मागच्या महिन्यात बँक स्टेटमेंट इम्पोर्ट करायचं मॉड्यूल मी एआयकडून लिहून घेतलं (कोपायलटपेक्षा मला दुसरं टूल बरं वाटतं, ते मी पर्सनल अकाउंटवरून वापरतो). 1,400 ओळींचा पीआर झाला, टेस्ट सगळ्या हिरव्या. आमच्या लीडनी रिव्ह्यूत विचारलं की रक्कम तपासायचा हा पॅटर्न असाच का घेतला. मी ती कमेंट एआयला दिली आणि आलेलं उत्तर तिथे टाकलं. मग ते डेस्कवर आले, 1,25,000 ही रक्कम टाकून दाखवली, एंट्री रिजेक्ट. सगळ्यांसमोर म्हणाले, 'तू हा कोड वाचलायस का?' तेव्हापासून माझे पीआर दोन-दोन दिवस पडून असतात. घरी एका ओपन सोर्स प्रोजेक्टला पीआर टाकला होता, तोही दोन ओळींत बंद केला, आम्ही एआयने बनवलेलं घेत नाही म्हणून. टीममध्ये वापरतात सगळेच, बोलत कोणी नाही. मित्र म्हणतो तू सांगतोसच कशाला. मी एआय वापरणं बंद करू का? आणि केलं तर त्या एक्सेलचं काय?
– हिंजवडीचा गोंधळलेला"

अरे गोंधळलेल्या,

एवढं सगळं लिहिलंस आणि सगळ्यात गंभीर गोष्ट कंसात टाकलीस. पर्सनल अकाउंट. बाकीचं आपण निवांत बोलू पण हे आजच्या आज बंद कर. सर्व्हिस कंपनीत आहेस म्हणजे तो कोड तुझा तर नाहीच, बऱ्याचदा तुझ्या कंपनीचाही नसतो, क्लायंटचा असतो, आणि कुठला कोड कुठे जाऊ शकतो हे त्यांच्या करारात लिहिलेलं असतं, जे तू-मी कधी वाचत नाही पण लीगलवाले बरोबर वाचतात. कंपनी जे लायसन्स घेते त्यात आमचा कोड ट्रेनिंगला वापरू नका वगैरे अटी पैसे मोजून घातलेल्या असतात, तुझ्या पर्सनल अकाउंटला त्या लागू होत नाहीत. 2023 मध्ये सॅमसंगच्या लोकांनी असाच सोर्स कोड चॅटजीपीटीत पेस्ट केला होता, हेतू काही वाईट नव्हता, काम लवकर उरकायचं होतं एवढंच, पण बातमी जगभर झाली आणि मे महिन्यात कंपनीने अशी टूल्सच बंद करून टाकली. तुला दुसरं टूल खरंच बरं वाटत असेल तर रीतसर माग. मेल टाक, कारण लिही, मिळालं तर मिळालं.

आणि एक विचारते, टेस्टिंगसाठी स्टेटमेंटची फाईल तू त्या टूलला दिली असशील तर ती बनवलेली होती ना? की खऱ्या ग्राहकाची? नाव, खाते नंबर, कोणाचा पगार किती, असलं काही त्यात असेल तर उरलेलं पत्र नंतर वाच, आधी लीडला सांग आणि सिक्युरिटी टीमला कळव. आपल्याकडे 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी लपवलेलं सहा महिन्यांनी ऑडिटमध्ये निघालं तर तेव्हा तुझी बाजू घ्यायला कोणी येणार नाही, आज स्वतःहून सांगितलंस तर निदान चार शिव्यांवर निभावेल.

हं, आता बाकीचं.

एआय बंद करू नकोस. मी स्वतः दिवसभर वापरते, त्यामुळे तुला उपदेश करायला तोंडही नाही माझ्याकडे. प्रश्न टूलचा नाहीच आहे मुळी. तुला त्या 1,400 ओळी चहा होईपर्यंत मिळाल्या, पण लीडला त्या वाचायला अर्धा दिवस लागणार, तो अर्धा दिवस कुठल्या टूलने कमी झालेला नाही. पूर्वी काय असायचं, कोणी एवढा कोड आणून ठेवला म्हणजे त्या माणसाने त्यावर निदान आठवडा घातलेला असायचा, रिव्ह्यू करणाऱ्याला माहीत असायचं की एका डोक्यातून हे एकदा गेलंय, आता आपण दुसरं डोकं. आता ते गृहीत धरता येत नाही. तुझा पीआर उघडताना तुझ्या लीडच्या मनात पहिला प्रश्न हाच येत असणार की हे वाचणारा पहिला माणूस मीच आहे का, आणि उत्तर हो असेल तर तो रिव्ह्यू राहिला नाही, तुझं काम त्यांच्या गळ्यात पडलं. पीआर दोन दिवस पडून राहतात त्याचं कारण हे, राग वगैरे नंतर.

ती 1,25,000 ची भानगड जरा नीट बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे. तू पॅटर्न लिहून पाठवलेला नाहीस पण मी पैज लावते: आधी एक ते तीन आकडे, मग स्वल्पविराम आणि तीन आकडे, आणि हे मागचं लागेल तितक्या वेळा. इंटरनेटवर हा पॅटर्न ढिगाने सापडतो कारण अमेरिकेत रक्कम तशीच लिहितात. आपल्याकडे हजारानंतर दोन-दोनचे गट. आता गंमत अशी की 99,999 पर्यंत दोन्ही पद्धती डिट्टो सारख्या दिसतात. 25,000 चालतं, 80,500 चालतं, म्हणजे तू हाताने चार रकमा टाकून बघितल्या असत्यास तरी सगळं छानच वाटलं असतं. लाख ओलांडला की पहिल्या स्वल्पविरामानंतर पॅटर्नला तीन आकडे हवे असतात, मिळतात दोन, एंट्री बाद. म्हणजे बाद काय होणार तर एफडी मोडल्याचे पैसे, फ्लॅटचं डाउन पेमेंट, मोठ्या पार्टीचं पेमेंट, नेमकं जे चुकून चालणार नाही तेच.

आणि बाद झाल्यावर पुढे काय होतं ते बघितलंस का? नसशील तर आत्ता बघ. एआयने लिहिलेल्या इम्पोर्टच्या कोडमध्ये मला एक सवय सारखी दिसते, काही चुकलं की लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकायची आणि पुढच्या एंट्रीकडे जायचं, प्रोग्रॅम म्हणून कधी थांबायचा नाही. दिसायला काय शहाणं वाटतं ते, क्रॅश नाही, लाल अक्षरं नाहीत, स्क्रीनवर 'इम्पोर्ट पूर्ण'. फक्त लाखाच्या वरच्या सगळ्या एंट्री गायब, आणि लॉग कोण उघडतंय. तुझ्या लीडनी पकडलं म्हणून वाचलास, नाहीतर हे मार्च एंडला अकाउंट्सच्या टेबलावर निघालं असतं.

टेस्ट हिरव्या होत्या कारण टेस्टही एआयनेच लिहिल्या असणार. उघडून बघ, आत 125,000.00 असलं काहीतरी असणार. पेपर काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा एकच असेल तर पैकीच्या पैकी मिळणारच की. कोड पाहिजे तर त्याच्याकडून घे पण टेस्टमध्ये काय घालायचं ते तू ठरव, निदान रकमा आणि तारखा तरी. तारखेचं तर अजून वाईट, 03/04/2025 ही 3 एप्रिल की 4 मार्च? कोडने महिना पहिला धरला असेल तर 13 तारखेपासून पुढे एरर येईल आणि कळेल तरी, पण पहिल्या बारा दिवसांच्या एंट्री गुपचूप भलत्या महिन्यात जाऊन बसतील. हेही तपास.

मला खरं वाईट कशाचं वाटलं सांगू, हे तुला येत होतं रे. लाख कसा लिहितात हे तुला कोणी शिकवायची गरज नाही, घरातलं पासबुक लहानपणापासून बघितलंयस. त्या कोडच्या जवळ तूच एक असा होतास ज्याला आपली बँक, आपलं स्टेटमेंट, आपला क्लायंट माहीत होता, आणि नेमका तूच वाचायला बसला नाहीस. प्रॉम्प्टमध्ये 'रकमा भारतीय पद्धतीने लिहिलेल्या असतील' एवढं एक वाक्य घातलं असतंस तरी बरंच काम झालं असतं, पण ते वाक्य सुचायला आधी स्टेटमेंटची फाईल डोळ्यांनी बघावी लागते.

आता ती कमेंट. लीडनी विचारलं असं का, तू एआयचं उत्तर चिकटवलंस. माझ्या मते सगळं बिघडलं ते इथे, 1,25,000 वर नाही. बग सगळ्यांचे निघतात. पण 'का' हा प्रश्न तुला विचारला होता, तुझ्या डोक्यात काय चाललंय ते त्यांना हवं होतं, आणि त्यांना मिळाला तीन परिच्छेदांचा गुळगुळीत निबंध, 'उत्तम प्रश्न' पासून सुरू होणारा, त्यात पॅटर्न कसा जगन्मान्य आहे वगैरे. तो त्यांनी ओळखला, कोणीही ओळखतो, तू मराठीत मेसेज करणारा पोरगा एकदम असलं इंग्लिश लिहायला लागलास की कळत नाही का लोकांना? 'माहीत नाही, बघून सांगतो' एवढे चार शब्द लिहिले असतेस तर ते डेस्कवर आलेही नसते. रिव्ह्यूतली उत्तरं स्वतःची, मोडकी-तोडकी चालतील. एआयला खुशाल विचार की या कमेंटचा अर्थ काय, कोडमध्ये हे कुठे आहे, पण समजून घेऊन मग तुझ्या शब्दांत उत्तर दे.

हे फक्त तुमच्या टीमचं दुखणं नाहीये. कर्ल (इंटरनेटवरून डेटा आणायचं-पाठवायचं ओपन सोर्स टूल, म्हणजे कोड सगळ्यांना खुला) तुझ्या लॅपटॉपवर असेलच, डॅनियल स्टेनबर्ग नावाचा स्वीडिश माणूस 1990 च्या दशकापासून ते सांभाळतोय. सिक्युरिटीतला बग दाखवा आणि बक्षीस घ्या अशी त्यांची योजना 2019 पासून चालू होती. जानेवारी 2024 मध्ये त्याने पहिल्यांदा जाहीर तक्रार केली की लोक एआयकडून रिपोर्ट लिहून घेऊन पाठवतायत, दिसायला एकदम व्यवस्थित, मुद्देसूद, आणि आत काही नाही. एका रिपोर्टात तर कर्लमध्ये नसलेल्याच फंक्शनचं नाव होतं. आणि पुढे प्रश्न विचारला की उत्तरही एआयचंच यायचं, ऐकल्यासारखं वाटतंय ना? 2025 च्या मध्यावर त्याने सांगितलं की आलेल्या रिपोर्टांपैकी जेमतेम 5 टक्के खरे निघतायत आणि साधारण 20 टक्के निव्वळ एआयचा कचरा आहे, आणि एकेक रिपोर्ट तिथले तीन-चार जण वाचतात, बरेचसे आपलं पोटापाण्याचं काम सांभाळून. शेवटी जानेवारी 2026 च्या अखेरीस ती बक्षीस योजनाच बंद केली.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही ऐक, कारण ती तुझ्या कामाची आहे. 2025 च्या सप्टेंबरमध्ये एका सिक्युरिटी संशोधकाने एआयची टूल्स वापरूनच कर्लमधल्या संभाव्य चुकांची मोठी यादी पाठवली, आणि त्यातून डझनावारी खरे बग निघाले, दुरुस्तही झाले. स्टेनबर्गने त्याचं उघड कौतुक केलं. म्हणजे बघ, एआयच्या नावाने एवढा वैतागलेला माणूस, टूल पाहून दार लावत नव्हता. त्या संशोधकाला आपण काय पाठवतोय ते कळत होतं, बाकीच्यांनी नुसत्या पाट्या टाकल्या होत्या.

तुझ्या ओपन सोर्सच्या पीआरबद्दल फार बोलत नाही, तिथे सरळ तू नियम वाचला नाहीस. प्रत्येक बऱ्या प्रोजेक्टमध्ये कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाईल असते, ती आधी उघडायची. जेंटूने (लिनक्सचाच एक प्रकार) एप्रिल 2024 मध्येच एआयचं योगदान बंद केलं, नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने त्याच्याच पुढच्या महिन्यात, त्यांच्याकडे कोअर टीमची लेखी परवानगी लागते, क्यूईएमयूने (कॉम्प्युटरात दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) जून 2025 मध्ये. तुला वाटेल हे जुन्या लोकांचं खूळ आहे, पण क्यूईएमयूचं कारण ऐकण्यासारखं आहे. लिनक्सच्या जगात कमिटखाली, म्हणजे कोडच्या प्रत्येक नोंदवलेल्या बदलाखाली, 'साइन्ड-ऑफ-बाय' म्हणून नाव टाकतात, माहितीये ना, ती नुसती सही नसते. 2003 मध्ये एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर केस टाकली होती की आमचा कोड लिनक्समध्ये घुसवला, त्या धसक्यातून 2004 मध्ये ही पद्धत आली. नाव टाकणारा जबाबदारी घेतो की हा कोड मी लिहिलाय किंवा मला तो या लायसन्सखाली द्यायचा हक्क आहे. आता एआयने दिलेला कोड कुठून शिकून आला, कोणाचा किती, हे तुला छातीठोक सांगता येतं का? त्यांचं म्हणणं एवढंच की येत नसेल तर सही कशाच्या जोरावर करतोस.

दुसरीकडे फेडोराने (हाही लिनक्सचाच प्रकार) ऑक्टोबर 2025 मध्ये उलटा निर्णय घेतला, वापरा, पण मोठा वाटा एआयचा असेल तर सांगा आणि जबाबदारी पूर्ण तुमची. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नियमांतही आता स्पष्ट लिहिलंय की ती सही एआयने करायची नाही, माणसानेच करायची, टूलचा उल्लेख वेगळ्या 'असिस्टेड-बाय' ओळीत. तेव्हा एक प्रोजेक्ट नको म्हणतो, दुसरा सांगून चालेल म्हणतो, ज्याचं घर त्याचे नियम. तू बंद झालेल्या पीआरवर एक ओळ टाक की पॉलिसी वाचली नव्हती, सॉरी, आणि विषय संपव. वाद घालू नकोस आणि दुसऱ्या आयडीवरून तोच कोड तर अजिबात पाठवू नकोस, आधीच आपल्याकडच्या पोरांचं नाव तिथे फार चांगलं नाही. आपल्याकडच्या एका ट्युटोरियल व्हिडिओत एक्सप्रेसची (वेबसाइट बनवायला वापरतात ते सॉफ्टवेअर) रिपो, म्हणजे कोडचा साठा, उदाहरणाला घेतली होती, तर 2024 मध्ये त्यांच्या रीडमी या माहितीच्या फाईलीत स्वतःचं नाव घालणारे पीआर शेकड्याने जाऊन पडले, मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे, बिचारे बंद करत बसले. तुला खरंच तिथे काम करायचं असेल तर एखादा जुना इश्यू (नोंदवलेली तक्रार) घे, तुझ्या मशीनवर बग परत करून दाखव, कुठल्या व्हर्जनला येतो कुठल्याला नाही ते लिही. त्याला कोडची एक ओळ लागत नाही आणि मेंटेनर लोकांना त्याचीच सगळ्यात जास्त गरज असते.

मित्र म्हणतो सांगू नकोस. मित्राला सांग, ऑफिसात सगळे सगळ्यांना ओळखून आहेत, न सांगण्याने काही लपत नाही, फक्त रिव्ह्यू करणाऱ्याला कुठे नीट बघायचं ते कळत नाही. माणूस जिथे चुकतो तिथे एआय बऱ्याचदा चुकत नाही, त्याच्या चुका वेगळ्याच जागी असतात, स्पेलिंग नीट, नावं नीट, कमेंटा सुबक, आणि गाभ्यातलं गृहीतकच परदेशी. वाचणाऱ्याला आधी माहीत असेल तर तो सुबकपणाला भुलत नाही. अर्थात प्रत्येक ऑटोकम्प्लिटची कबुली द्यायची गरज नाही, व्हेरिएबलचं नाव सुचवलं म्हणून कोणी जाहिरात करत नाही. पण अख्खं फंक्शन, अख्खी फाईल, टेस्टचा गठ्ठा त्याने लिहिला असेल तर पीआरच्या वर्णनात एक ओळ यायलाच हवी. काही टूल्स तर कमिटमध्ये आपलं नाव आपोआप टाकतात, मुलं ते सेटिंग बंद करून ठेवतात, कशाला पण?

अजून एक, पटकन. एआयने सांगितलेलं पॅकेज (दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड) डोळे मिटून इन्स्टॉल करू नकोस. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 16 मॉडेल्सकडून 5 लाख 76 हजार कोडचे नमुने घेतले होते, त्यात सुचवलेल्या पॅकेजांपैकी जवळजवळ 20 टक्के अस्तित्वातच नव्हती. मोठ्या कंपन्यांच्या मॉडेल्सचं प्रमाण बरंच कमी होतं, 5 टक्क्यांच्या आसपास, पण तेही शून्य नाही. आणि धोका असा की तेच खोटं नाव परत परत येतं, मग कोणीतरी त्या नावाने खरंच पॅकेज टाकून ठेवतं, आत काय घालायचं ते त्याच्या मर्जीवर. एका संशोधकाने असंच एक रिकामं पॅकेज प्रयोग म्हणून टाकलं होतं तर तीन महिन्यांत तीस हजारांवर डाउनलोड झाले. पायपीआयवर (पायथनची पॅकेजं मिळतात ती साइट) जाऊन पॅकेज कधीचं आहे, कोण सांभाळतं, शेवटचं रिलीज कधी, एवढं बघायला काही वेळ लागत नाही.

आता मॅनेजरची एक्सेल. इथे तुला मी फार धीर देऊ शकत नाही, पीआर मोजणारा मॅनेजर हे आयटीतलं जुनंच खूळ आहे, पूर्वी ओळी मोजायचे. एमईटीआर नावाच्या अमेरिकन संस्थेने 2025 मध्ये प्रयोग केला होता, 16 अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, त्यांच्याच ओळखीच्या रिपो, 246 कामं. एआय वापरताना त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला, आणि विचारलं तर त्यांना वाटत होतं की आपण 20 टक्के लवकर केलं. हे मीटिंगमध्ये मॅनेजरच्या तोंडावर फेकू नकोस, प्रयोग छोटा होता, टूल्स 2025 च्या सुरुवातीची होती, आणि नव्या माणसाला नव्या कामात फायदा होऊ शकतो हेही खरं. पण आपल्याला वाटणारा वेग आणि खरा वेग यात फरक असू शकतो एवढं तुझ्या स्वतःच्या डोक्यात असू दे. एक्सेलसाठी सोपा मार्ग असा की तुझे पीआर लहान होऊ देत, 1,400 ओळींचा एक ऐवजी साडेतीनशे-साडेतीनशेचे चार, आकडाही वाढतो आणि लीडचा तापही कमी होतो. आणि अप्रेझलला सांगायला तुझ्याकडे 'माझे किती पीआर पहिल्याच रिव्ह्यूत मर्ज झाले' हे असू दे, त्यावर मॅनेजरला बोलता येत नाही.

आणि टीममध्ये 'वापरतात सगळे, बोलत कोणी नाही' हे जे लिहिलंस ते तू एकटा सोडवू शकत नाहीस, पण सुरुवात करू शकतोस. रेट्रोमध्ये (झालेल्या कामाचा आढावा घ्यायच्या मीटिंगमध्ये) विषय काढ की अर्ध्या पानाचा नियम लिहू या, कुठलं टूल चालेल, काय पेस्ट करायचं नाही, पीआरमध्ये कधी सांगायचं, लॉगिन आणि पैशांच्या कोडला दोन रिव्ह्यू लागतील का. तुझ्या तोंडून आलं तर त्याला वजन आहे, कारण ठेच तुलाच लागलीये हे सगळ्यांनी बघितलंय.

पण त्याच्या आधी लीडशी बोल. चॅटवर नको, मेल तर नकोच, कॅन्टीनला गाठ. स्पष्टीकरण देत बसू नकोस, एवढंच म्हण की त्या दिवशी तुमची कमेंट मी एआयला दिली ते चुकलं, ते मॉड्यूल मी आता तोडून परत टाकतोय, पहिला भाग बघाल का. सगळ्यांसमोर बोलले ते मलाही आवडलं नाही, बाजूला घेऊन सांगता आलं असतं, पण तो हिशेब आत्ता काढायचा नाही. आणि दुसऱ्यांचे पीआर वाचायला लाग, रोज एक, छोटा का असेना, रिव्ह्यूची रांग कमी करणारा माणूस कुठल्याही लीडला प्रिय होतो.

पहिल्या पीआरमध्ये फक्त रक्कम वाचायचा भाग घे, बाकी काही नाही. वर्णन साधारण असं लिही, तुझ्या शब्दांत: "रक्कम वाचायचं फंक्शन. पहिला मसुदा एआयचा, पॅटर्न मी बदललाय कारण आधीचा लाखाच्या वर चालत नव्हता. टेस्ट मी लिहिल्यात, रकमा बनावट आहेत पण बँकेच्या फॉरमॅटप्रमाणे. ऋण रकमा कंसात येतात त्या अजून हाताळलेल्या नाहीत, पुढच्या पीआरमध्ये." टेस्टमध्ये 99,999.50 घाल, 1,00,000 घाल, 12,34,56,789 घाल, स्वल्पविराम नसलेली रक्कम घाल, मागे 'सीआर' 'डीआर' चिकटलेली घाल, रिकामी घाल. आणि बाद झालेल्या एंट्री लॉगमध्ये पुरू नकोस, स्क्रीनवर दाखव, फाईलमध्ये किती होत्या, किती घेतल्या, किती राहिल्या आणि का. लीडनी हे मागितलेलं नाही, पण अकाउंट्सवाले पहिल्या दिवशी मागतीलच.

– ताई